कॅल्शियम स्कोअर शून्य, म्हणून एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढलं तरी चालेल?

‘लो-कार्ब आहारात एलडीएल कितीही वाढू द्या, कॅल्शियम स्कोअर शून्य असला की हृदय ठणठणीत’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे, म्हणूनच धोक्याचा. हा स्कोअर ज्या सीटी स्कॅनमधून मिळतो, त्यात हृदयाच्या रक्तवाहिनीतला फक्त कॅल्शियम साचून कडक झालेला थर मोजला जातो. मऊ थर त्यात येतच नाही आणि कॅल्शियम साचायला वर्षं लागतात. त्यामुळे पस्तिशीतल्या शून्यावर पासष्टीतल्या शून्याइतका भरवसा ठेवता येत नाही. शून्य ही चांगलीच बातमी, पण सहा महिन्यांपूर्वी सुरू केलेल्या आहाराचा तो निकाल नव्हे. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने थर घट्ट होऊन स्कोअर वाढूही शकतो. तेवढ्यावरून गोळी परस्पर बंद करू नका. एलडीएल १९० मिग्रॅ/डेसिलिटर किंवा जास्त असेल, तर स्कोअर न बघताही उपचार सुचवले जातात.