बाळाच्या हेल्मेटखाली तेल, पावडर आणि मलम: फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. माझी भाची सहा महिन्यांची आहे, डोक्याचा आकार सुधारण्यासाठी तिला हेल्मेट लागून तीन आठवडे झालेत. बहीण रडवेली झाली होती. "ताई, चार दिवस हेल्मेट घातलंच नाहीये मी. घातलं की कपाळ लाल होतं. त्या मेसेजमध्ये लिहिलंय तसं तेल लावलं, तर आता डोकंभर बारीक पुरळ आलंय."

मेसेज तिला जावेने पाठवला होता, जावेला तिच्या मैत्रिणीने. दुसऱ्या दिवशी तो मलाही दोन ठिकाणांहून आला. पाठवणाऱ्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माझ्या मुलानेही साडेतीन महिने असं हेल्मेट घातलं होतं आणि त्याच्या डोक्याची कातडी रोज सकाळ-संध्याकाळ मी दिव्याखाली धरून पाहिली आहे. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: हेल्मेटखाली त्वचा लाल झाली म्हणजे हेल्मेट डोकं दाबतंय, ते ताबडतोब बंद करा. बंद करता येत नसेल तर डोक्याला तेलाचा जाड थर द्या आणि वर पावडर टाका. आत मऊ कापडाची घडी ठेवा. पुरळ उठलं तर घरातलं खाजेचं मलम चोळा. दिवसा हेल्मेट काढून ठेवा, फक्त रात्री घाला. आणि शेवटी: परदेशी संशोधनात 96 टक्के बाळांना हेल्मेटने त्वचेचा विकार झाला, फायदा शून्य.

सगळ्यात आधी मलमाचं बोलते. बाकीच्या सल्ल्यांनी बाळाला त्रास होईल, याने इजा होऊ शकते.

"घरातलं खाजेचं मलम" म्हणजे नेमकं काय? नळी उचला आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा त्यात एकत्र तीन औषधं असतात: एक बुरशीवरचं, एक अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड, म्हणजे बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल. क्लोबेटासोल इतकं तीव्र आहे की 12 वर्षांखालच्या मुलांना ते सहसा देऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलेलं असतं. इथे बाळ सहा महिन्यांचं आहे. त्याची त्वचा पातळ, वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे लावलेलं औषध शरीरात जास्त शोषलं जातं. वर रोज तेवीस तास डोक्यावर राहणारं हेल्मेट! त्वचारोगतज्ज्ञ एखाद्या हट्टी चट्ट्यावर औषध जास्त मुरावं म्हणून मुद्दाम त्यावर प्लास्टिकचं आवरण बांधतात. बाळाच्या डोक्यावर तेच आवरण आपोआप तयार आहे, कोणाच्याही देखरेखीशिवाय.

अशा स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत लाली उतरते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण ते त्वचा आणखी पातळ करतं, आणि पातळ त्वचा हेल्मेटच्या कडेखाली लवकर सोलवटते. पुरळ बुरशीचं असेल तर वरची लाली झाकली जाते आणि बुरशी पसरत राहते. नंतर डॉक्टरांनाही ती ओळखणं अवघड होतं. फार दिवस लावलं तर शरीरातल्या ग्रंथींच्या कामावर परिणाम होऊ शकतो. डॉक्टर कधी कधी बाळाला हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस देतात, हे खरं आहे. पण ते पुरळ बघून देतात, किती दिवस लावायचं ते सांगतात आणि तेवढा वेळ हेल्मेट ठेवायचं की काढायचं हेही सांगतात. कपाटातली मोठ्यांची नळी आणि ते औषध यांची तुलना होऊ शकत नाही.

बहिणीला मी पहिला प्रश्न हाच विचारला, मलम लावलंस का? नव्हतं लावलं. तेवढं ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

आता लाली. "लाल झालं म्हणजे हेल्मेट दाबतंय" हे वाक्य इतकं पटण्यासारखं आहे की सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. हेल्मेट डोकं आवळत नाही. ते डोक्याच्या फुगीर भागाला टेकतं आणि चपट्या भागासमोर मोकळी जागा ठेवतं. बाळाचं डोकं वाढत असतं, जन्माच्या वेळी सुमारे 35 सेंटीमीटर असलेला घेर वर्षभरात 46-47 पर्यंत जातो, आणि ही वाढ मोकळ्या जागेकडे वळते. एवढंच त्याचं काम. म्हणजे फुगीर भागावर ते टेकणारच, आणि जिथे टेकेल तिथे हलका गुलाबी ठसा उमटणारच. मोज्याच्या इलॅस्टिकचा पायावर उमटतो तसा.

प्रश्न असा विचारायला हवा: ठसा कुठे आहे, आणि तो किती वेळ राहतो? हेल्मेट काढल्यावर घड्याळ बघा. ठसा तासाभराच्या आत विरला तर काळजी नाही. तासानंतरही तसाच असेल तर हेल्मेट परत चढवू नका, ज्यांनी ते बसवलं त्या ऑर्थोटिस्टना फोन करा. ठसा चपट्या बाजूला उमटत असेल, म्हणजे जिथे मोकळी जागा असायला हवी तिथे, तर हेल्मेट फिरलेलं आहे किंवा फिटिंग चुकलंय. कानामागे, कानाच्या वर आणि भुवईच्या वरच्या कडेला विशेष लक्ष द्या. आणि फोड, सोललेली किंवा ओलसर कातडी, जांभळट डाग, स्राव यांतलं काहीही दिसलं तर तासभर थांबूही नका. हेल्मेट काढा आणि त्याच दिवशी दाखवा. सावळ्या बाळांमध्ये लाली पटकन दिसत नाही. तिथे बोट फिरवून बघा: आसपासच्या त्वचेपेक्षा गरम किंवा कडक लागते का, गडद दिसते का? हे मला पहिल्या महिन्यात कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी नुसतीच लाल रंग शोधत बसायचे.

बहिणीला मी फोनवरच हे सगळं सांगितलं. तेल साबणाने धुवायला लावलं, डोकं कोरडं करून बाळ दिव्याखाली घ्यायला सांगितलं. जुने फोटो मागवले. कपाळाचा ठसा फुगीर बाजूला होता, आणि तिच्याच म्हणण्याप्रमाणे वीस मिनिटांत जायचा. मेसेजने तिला घाबरवलं ते या ठशावरून. पण डाव्या कानामागे एक बारीक रेघ होती, चार दिवस हेल्मेट नसूनही कातडी तिथे किंचित गडद आणि खरखरीत लागत होती. खरी तक्रार ती होती. तेलाच्या चकाकीत ती कोणाला दिसलीच नव्हती.

तेल आणि पावडर. हेल्मेटखाली बाळाच्या डोक्याला घाम येतो, पहिल्या एक-दोन आठवड्यांत तर खूपच. मग शरीर हळूहळू सरावतं. घामाच्या नलिकांची तोंडं बंद झाली की घाम आतच अडकतो आणि बारीक पुरळ उठतं, तेच घामोळं. त्यावर तेलाचा जाड थर म्हणजे ज्या तोंडांनी उघडायला हवं तीच बंद करणं. शिवाय तेल आतल्या फोमच्या अस्तराला लागतं, नीट निघत नाही, वास धरतं, आणि गुळगुळीत डोक्यावर हेल्मेट सरकू लागतं. सरकलं की नको तिथे टेकणार आणि घासणार. भाचीच्या डोक्यावरचं बारीक पुरळ असंच आलं.

पावडर घामात मिसळून लगदा होते, तिच्या गुठळ्या कातडी घासतात. त्याहून वाईट म्हणजे ती तोंडाजवळ उडते आणि श्वासातून आत जाते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना बाळांना पावडर लावू नका असं सांगते ते याच कारणाने. हेल्मेट असो वा नसो, बाळाला पावडरची गरज नाही.

मग काय लावायचं? काहीच नाही. लोकांना हे पटत नाही, कारण बाळाला त्रास होतोय आणि आपण हातावर हात ठेवून बसलोय असं वाटतं. पण या हेल्मेटखालच्या त्वचेला कोरडेपणा, स्वच्छता आणि बरोबर फिटिंग यापलीकडे काही लागत नाही, आणि या तिन्ही गोष्टी आत काही न भरता होतात. रोजच्या एका तासात बाळाचं डोकं सौम्य शॅम्पूने धुवायचं, फेस पूर्ण काढायचा, टिपून मुळापासून कोरडं करायचं. त्याच वेळात हेल्मेटचं आतलं अस्तर पुसायचं. बऱ्याच ठिकाणी यासाठी 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सांगतात, काही बनवणारे सौम्य साबण सांगतात. तुमच्या हेल्मेटला जे सांगितलं असेल तेच वापरा. अल्कोहोल वापरलं तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत हेल्मेट बाळाला घालू नका, नाहीतर त्यानेच त्वचा जळजळेल. सुकवायला हेअर ड्रायर किंवा कडक ऊन नको, उष्णतेने आकार बिघडू शकतो. आणि डोकं घामाने निथळत असेल तर दिवसातून एक-दोनदा दोन-चार मिनिटं हेल्मेट काढून डोकं आणि अस्तर दोन्ही टिपलं तर काही बिघडत नाही. बाळाला कपड्यांचा एक थर कमी घाला. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला तर हेल्मेट काढून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा, परत कधी घालायचं ते.

आत कापडाची घडी: नाही. हेल्मेटचं माप डोक्यावर मिलिमीटरमध्ये घेतलेलं असतं. घडी ठेवली की नेमकी ती मोकळी जागा भरते जिच्यासाठी हेल्मेट आहे, किंवा एका जागी दाब वाढतो. कुठे टोचत असेल तर ऑर्थोटिस्ट फोम घासून कमी करतात. ते दहा मिनिटांचं काम आहे.

फक्त रात्री घालणं: साधारणपणे 23 तास सांगितलेलं असतं. ते निम्म्यावर आणलं तर आकार सुधारायला वेळ लागणार आणि त्वचेला सरावाची संधीही मिळणार नाही. पहिल्या काही दिवसांत थोडा वेळ घाला, काढा, बघा, परत घाला असं वाढवत नेतात, ते वेगळं. ते वेळापत्रक सांगितलेलं असतं.

उरले ते 96 टक्के. हा आकडा खरा आहे. नेदरलँड्समध्ये झालेला अभ्यास 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. 84 बाळं होती, निम्म्यांना सहा महिने हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही. हेल्मेटवाल्या पालकांपैकी 96 टक्क्यांनी त्वचेला त्रास झाल्याचं सांगितलं, 71 टक्क्यांनी घाम वाढल्याचं, 76 टक्क्यांनी हेल्मेटला वास येत असल्याचं. पण "त्वचेला त्रास" म्हणजे "त्वचेचा विकार" हे मेसेजवाल्याचं भाषांतर आहे. लाली आणि चुरचुर हाही त्रासच. उलट हा आकडा वाचून आईला धीर यायला हवा: जवळजवळ प्रत्येकीने हे पाहिलंय, तुझ्या बाळाचं काही वेगळं होत नाहीये.

आणि हो, मेसेजमधली एक अर्धी गोष्ट मला मान्य करावी लागते. त्याच अभ्यासात दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांमध्ये फरक दिसला नाही. डोकं पूर्ण गोल झालेली मुलं हेल्मेट घालणाऱ्यांत 26 टक्के, न घालणाऱ्यांत 23 टक्के. म्हणजे चपट्या डोक्याच्या प्रत्येक बाळाला हेल्मेट लागतंच असं नाही, आणि ज्यांना नको होतं त्यांनाही ते दिलं जात असेल. हा वाद तज्ज्ञांमध्येही आहे. पण त्या अभ्यासात मान आखडलेली बाळं नव्हती, आणि कवटीचे सांधे अकाली जुळलेली बाळंही नव्हती. अशा सांध्यांच्या ऑपरेशननंतर काही बाळांना हेल्मेट देतात, तिथे आकार घडवण्याचं मोठं काम तेच करतं. मेसेज वाचून अशा एखाद्या आईने चार दिवस ते काढून ठेवलं तर? मेसेजमध्ये या बाळांचा उल्लेखही नाही. हेल्मेट हवं की नको हा प्रश्न डॉक्टरांसमोर बसून विचारायचा, दुसरं मत घ्यायचं, पटलं नाही तर नाही म्हणायचं. तो हक्क तुमचा आहे. पण घालायचं ठरल्यावर ते तेल लावून आणि घड्या कोंबून अर्धवट घालणं म्हणजे त्रास सगळा आणि उपयोग काहीच नाही.

बुधवारी बहीण भाचीला घेऊन ऑर्थोटिस्टकडे गेली. चार दिवसांच्या खंडामुळे त्यांनी आधी माप परत तपासलं, डाव्या कानामागची कड घासून कमी केली आणि दोन दिवस थोडा थोडा वेळ वाढवत घालायला सांगितलं. तेल थांबवल्यावर घामोळं तिसऱ्या दिवशी सुकायला लागलं. काल संध्याकाळी तिने फोटो पाठवला, हेल्मेट काढून 25 मिनिटांनी काढलेला. कपाळावर फिकट गुलाबी ठसा आहे, कानामागे काही नाही. जावेलाही तिने तोच फोटो पाठवलाय.