पासवर्ड बरोबर आहे हो!

‘तुमचा पासवर्ड चुकलाय’ असं एखाद्या माणसानं तोंडावर सांगितलं, तर त्याच्याशी निदान भांडता तरी येतं. उबुंटूशी, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमशी, भांडायची सोयच नाही. वरच्या कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह अर्धा-पाऊण मिनिट काहीतरी विचार करतं आणि मग पासवर्डची चौकट पुन्हा आपल्यासमोर येते. चुकलं म्हणत नाही, काय चुकलं तेही नाही. नुसतं ‘पासवर्ड द्या’. आपण एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, बोटानं ठोकत टाइप करतो. पुन्हा विचार, पुन्हा चौकट. काही वेळानं स्वतःच्या जन्मतारखेबद्दलही शंका यायला लागते.

आमच्या कॉलेजात पूर्वी वाय-फायला सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड होता आणि तो कँटीनवाल्यासकट सगळ्यांना पाठ होता. मग कुणाच्या तरी मनात शिस्त आली आणि ‘एंटरप्राइझ’ वाय-फाय बसलं. यात प्रत्येकाचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. छतावरचा तो पांढरा डबा स्वतः काहीच ठरवत नाही. तो तुमचा अर्ज आत कुठेतरी बसलेल्या, नाव-पासवर्ड तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरकडे पाठवतो आणि तिथून होकार आला तरच दार उघडतो. कल्पना उत्तम आहे. फक्त नकार आला, तर तो का आला हे सांगायची जबाबदारी या साखळीत कुणीच घेतलेली नाही.

माझ्या टेबलावरच्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे (उबुंटू हा त्याचाच एक अवतार), कारण गणिताच्या प्रश्नपत्रिका मी लाटेक या टाइपसेटिंगच्या प्रोग्राममध्ये करते आणि त्या मशीनवर त्या बऱ्या होतात. भिंतीत लॅनचं सॉकेट होतं. मागच्या रंगकामात रंगाऱ्यानं त्यावरूनही ऑइलपेंटचा हात फिरवला. आता तिथे चौकोनी उंचवटा आहे, हात लावला तर जाणवतो. म्हणून यूएसबीचा डोंगल, म्हणून वाय-फाय. आणि ते व्यवस्थित चालू होतं, दिवाळीच्या सुट्टीत मी उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर जाईपर्यंत.

सिस्टिम विभागात फोन केला.

“मॅडम, पासवर्ड चुकत असेल.”

“अहो, मोबाइलवर हाच पासवर्ड चालतोय.”

“मग मोबाइलवरच करा ना काम.”

मी काही बोलले नाही, तेव्हा त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी पासवर्ड रीसेट करून दिला. त्यामुळे एवढंच झालं, की आतापर्यंत चालणारा मोबाइलही बंद पडला. नव्या पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं होतं. मी उद्गारचिन्ह घातलं. मनात तेच होतं.

सोबत एक पीडीएफ आली. तिच्यातली चित्रं विंडोज ७ ची. लिनक्सची चौकट मात्र एखाद्या वरपित्यासारखी चौकशी करते: ऑथेंटिकेशन कुठलं, पीईएपी की टनेल्ड टीएलएस? आतलं ऑथेंटिकेशन कुठलं? अनॉनिमस आयडेंटिटी? डोमेन? सीए सर्टिफिकेट आहे का, त्याचा पासवर्ड काय? यातला अनॉनिमस प्रकार तसा सरळ आहे. बाहेरच्या पाकिटावर एक नाव टाकायचं, म्हणजे हवेत कुणी कान देऊन बसलं असेल तर त्याला तेवढंच कळतं; खरं नाव आणि पासवर्ड आतल्या बंद पाकिटात जातात.

खरी मेख सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइलची. “मॅडम, ‘सर्टिफिकेटची गरज नाही’ला टिक करा, सगळे तेच करतात,” असा सल्ला मिळाला. सगळे खरंच तेच करतात, म्हणून तर काळजी वाटते. आत पासवर्ड नेणारी एमएसचॅप व्ही-२ ही पद्धत इतकी जुनी आहे, की २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी ती फोडून दाखवली. आता तिला राखतं ते फक्त बाहेरचं पाकीट. समोरचा सर्व्हर खरा की बनावट हे तपासायचंच नाही म्हटल्यावर, उद्या पार्किंगमध्ये कुणी त्याच नावाचं वाय-फाय लावून बसला तर आपलं मशीन आनंदानं त्याच्याकडे जाणार. मी सर्टिफिकेटची फाइल मागितली. “असते का अशी?” असा प्रश्न परत आला. होती, मेलच्या ढिगाऱ्यात एका जुन्या सर्क्युलरला जोडलेली सापडली.

ती घातली. चौकट पुन्हा आली.

आमचे शिपाईमामा चहा ठेवता ठेवता म्हणाले, “माझ्या फोनवर तर फुल्ल रेंज दाखवतंय.” एव्हाना साऱ्या मजल्यावर मॅडमना पासवर्ड लक्षात राहत नाही अशी वार्ता गेली होती.

शेवटी टर्मिनल उघडलं आणि जर्नलसीटीएल या आज्ञेला, वाय-फायची जोडणी करणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंट या प्रोग्रामची नोंदवही उलगडायला सांगितली. ज्या माहितीसाठी मी दारोदार फिरत होते, ती त्याच मशीनच्या पोटात स्वच्छ लिहिलेली होती. ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’च्या जरा वर एक ओळ: ‘अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड’. पासवर्डचा कुठे उल्लेखसुद्धा नाही. तो आत पोचलाच नव्हता!

झालं होतं ते असं. टीएलएसमध्ये, म्हणजे त्या बाहेरच्या पाकिटाच्या तंत्रात, मधेच पुन्हा बोलणी सुरू करायची जी रीत आहे, तिच्यात २००९ मध्ये एक भोक सापडलं. २०१० मध्ये त्यावर उपाय ठरला. ज्यांनी तो केला नाही अशा सर्व्हरना जग तरीही वर्षानुवर्षं सांभाळून घेत राहिलं. उबुंटू २२.०४ सोबत टीएलएसचं काम पाहणारं ओपनएसएसएल ३ आलं आणि त्यानं सांभाळून घेणं बंद केलं. म्हणजे माझं मशीन नियमानं वागत होतं, आणि आमचा रेडियस सर्व्हर बारा वर्षांपूर्वीची दुरुस्ती राहून गेलेला होता. पण समजा एखाद्याला नाव ठेवायचंच, तर मी ते त्या चौकटीला ठेवीन. खरं कारण माहीत असताना पासवर्ड मागत राहणं हा निव्वळ कांगावा आहे.

मी हे फोनवर समजावून सांगितलं. “सर्व्हर एकदम ओके आहे मॅडम, बाकी सगळ्यांचं चालतंय,” असं उत्तर आलं.

मग काय, घरच्याच शहाण्याला समजावलं. एक छोटी कॉन्फिग फाइल केली, तिच्यात जुन्या रीतीला मुभा देणारी एक ओळ लिहिली आणि ती फक्त डब्ल्यूपीए सप्लिकंटला वाचायला लावली. बाकी सगळ्या प्रोग्रामनी आपापला कडकपणा ठेवावा. सर्व्हिस रीस्टार्ट केली. चिन्हानं क्षणभर विचार केला आणि जोडलं गेलं. पासवर्ड अर्थातच तोच, उद्गारचिन्हासकट.

दुसऱ्या दिवशी सिस्टिम विभागाचा मुलगा तक्रारवही घेऊन सहीला आला. तक्रारीचं स्वरूप: पासवर्ड चुकीचा. निराकरण: पासवर्ड बदलून दिला. शेरा: वापरकर्त्यास समज दिली.

“फिजिक्सच्या सरांचं पण लिनक्सच आहे,” पेन पुढं करत तो म्हणाला. “त्यांचा पण पासवर्ड चुकतोय. मॅडम, तुम्हीच बघता का जरा?”