बांधाचे तोंड किती उंच ठेवायचे?

बेळगावातल्या वडगावच्या मंगाईची यात्रा होऊन आठवडा झाला होता आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात शिरल्याला चौथा दिवस होता. शहापुरातल्या आमच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी सहा जण बसलो होतो. त्यांपैकी चिखल फक्त मामांच्याच पायांना होता. मामांनी मे महिन्याच्या अखेरीस, आभाळात ढगाचा तुकडा नसताना, कोरड्या मातीत भाताची धूळवाफ पेरणी केली होती. उगवण चांगली झाली, कोळपणीही झाली, आणि आता ते पीक कमरेइतक्या पाण्याखाली होते. दुबार पेरणी करावी लागेल का, असे कोणीतरी विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पाणी उतरू दे की आधी."

या एका वाक्यावरून मास्तरांना विषय मिळाला. आपला शेतकरी पाऊस नसताना पेरतो आणि पाऊस जास्त झाला तर वाट पाहतो, ही निसर्गावर भरवसा ठेवणारी पूर्वेची वृत्ती आहे. पश्चिमेने मात्र निसर्गाला वेसण घालायची म्हणून जगाची ही दशा केली, असे त्यांनी मांडले. आधाराला त्यांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला श्लोक म्हटला: प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणेच वागतात, तेथे निग्रह काय करणार?

पाटबंधाऱ्याच्या कामात उभी हयात गेलेले साहेब हे ऐकून गप्प बसणे शक्यच नव्हते. "मास्तर, राकसकोपला पाणी अडवले आहे म्हणून तुमच्या नळाला येते. भरवशावर राहिला असता तर मार्चमध्येच घागर घेऊन निघाला असता." भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, ही म्हणसुद्धा पूर्वेचीच आहे, असेही त्यांनी जोडले. मग ते देवीच्या साथीवर आले. आपण त्या रोगाला देवी म्हणालो, तिची शांत केली, ओटी भरली आणि मुले दगावत राहिली. इंग्लंडच्या डॉक्टर जेनरने १७९६ साली लस टोचली, ती पद्धत जगभर गेली, आणि १९७५ नंतर भारतात देवीचा एकही रुग्ण आढळला नाही. निसर्गावर विश्वास ठेवा असे सांगणाऱ्याने आधी आपल्या दंडावरचा टोचल्याचा व्रण पाहावा, हे त्यांचे वाक्य मला तेव्हाही बिनतोड वाटले होते आणि आजही वाटते.

प्राध्यापक कन्नडभाषक आहेत, तत्त्वज्ञान शिकवतात आणि आमच्यापेक्षा नेटके मराठी बोलतात. दोघांनीही अर्धेच सांगितले, अशी त्यांची तक्रार होती. मास्तरांच्या त्याच गीतेत सहाव्या अध्यायात अर्जुन मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्यासारखे कठीण आहे म्हणतो, तेव्हा कृष्ण त्याला अभ्यासाने आणि वैराग्याने ते आवरता येते असे सांगतो. पतंजलीने तर योगाची व्याख्याच चित्तवृत्तींचा निरोध अशी केली. म्हणजे नियंत्रणाची हौस पूर्वेलाही कमी नव्हती, फक्त तिचा रोख बाहेरच्या नदीपेक्षा आतल्या मनाकडे अधिक होता. साहेबांच्या लसीबद्दल ते म्हणाले की ती रोगाशी स्वतः लढत नाही. शरीराला जे मुळातच येते ते वेळेआधी शिकवते आणि बाजूला होते. शिवाय जेनरच्या आधी बंगालात टीकादार लोक देवीच्या पुळीतला अंश घेऊन टोचणी करीत फिरत होतेच.

पश्चिमेचा खटला त्यांनी जरा निवांतपणे चालवला. १६३७ साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने लिहिले की नव्या ज्ञानाने माणूस निसर्गाचा जणू स्वामी आणि मालक होईल. या वाक्यातला 'जणू' पुढच्या लोकांनी गाळला आणि 'मालक' तेवढा ठेवला, हे प्राध्यापकांचे निरीक्षण मला फार आवडले. त्याआधी १६२० साली इंग्लंडच्या बेकनने तर स्पष्टच म्हटले होते की निसर्गाला जिंकायचे असेल तर त्याची आज्ञा पाळण्यावाचून मार्ग नाही. साहेबांनी हे वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

मग गाडी चीनकडे वळली. आख्यायिका अशी की महापुरापुढे हतबल झालेल्या राजाने गुन नावाच्या माणसाला काम सोपवले. त्याने नऊ वर्षे बांधावर बांध घातले आणि पाणी प्रत्येक वेळी ते फोडून गेले. नंतर त्याचा मुलगा यू कामाला लागला. त्याने पाणी अडवण्याऐवजी त्याला समुद्राकडे वाट खोदून दिली, तेरा वर्षे खोदत राहिला, आणि त्या काळात स्वतःच्या दारावरून तीनदा गेला तरी आत पाऊल टाकले नाही. "हीच तर पूर्वेची दृष्टी," असे मास्तर आनंदाने म्हणाले. "आणि बाप कुठला, लंडनचा?" असे साहेबांनी विचारल्यावर मामांसकट सगळे हसले.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे मला घरी आल्यावर वाटले. एकाच घरात बाप अडवतो आणि मुलगा वाट देतो, तर पूर्व आणि पश्चिम या दिशांना त्यात काय अर्थ उरतो? आमच्यातला धाकटा कामानिमित्त वर्षभर हॉलंडात राहून आलेला आहे. त्याने सांगितलेली हकिकत याच वाटेने जाते. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत आला, तिथे अठराशेहून अधिक माणसे मेली, आणि त्या देशाने अजस्र बांधांची साखळी उभी केली. पुढे १९९५ साली नद्यांना असा पूर आला की सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हा त्याच अभियंत्यांनी बांध आणखी उंच करण्याऐवजी काही ठिकाणी मागे घेतले. नायमेखेन शहराजवळ तर नदीला पसरायला जागा मिळावी म्हणून बांध सुमारे साडेतीनशे मीटर मागे सरकवला आणि तिथली घरे हलवली. म्हणजे गुन आणि यू एकाच देशात, पन्नास वर्षांच्या अंतराने. फरक इतकाच की यांना मागे सरकण्याइतके पाणी मोजता येत होते.

इथे एक आडवळण घेतो. निसर्ग हा शब्द मराठीत आहे तसाच कन्नडमध्येही आहे, आणि त्याच्या मुळाशी 'सृज्' हा धातू आहे. सोडणे, बाहेर टाकणे हा त्याचा अर्थ. वर्तमानपत्रात धरणाचे दरवाजे उघडल्यावर 'इतका विसर्ग सुरू' असे छापून येते, तो विसर्गही त्याच धातूचा. साहेबांनी आयुष्यभर रोज सकाळी विसर्गाचे आकडे वहीत लिहिले, आणि निसर्ग त्याचा सख्खा भाऊ आहे हे त्यांना त्या संध्याकाळी कळले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या पुराची त्यांना आठवण झाली असावी, कारण नंतर ते एवढेच म्हणाले की धरणात पाणी किती आहे यापेक्षा सोडायचे कधी, हा निर्णय माणसाची झोप घालवतो.

भरवसा म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, हे मास्तरांना पटवायला शेवटी चीनच उपयोगी पडला. सिचुआनमध्ये मिन नदीवर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ली बिंगने दुजियांगयान येथे जी रचना केली, तिच्यात नदी अडवणारे धरण नाही. प्रवाहात माशाच्या तोंडासारखा एक बांध घालून पाणी दोन वाटांना विभागले आहे, आणि त्यावर आजही शेती भिजते. पण तिथला जुना नियम सांगतो की गाळ खोल काढा आणि बांध ठेंगणा ठेवा. हा गाळ हिवाळ्यात पाणी वळवून माणसांनी काढायचा असे. मामा इतका वेळ ऐकत होते, इथे मात्र ते म्हणाले, "मग नाल्यात जलपर्णी माजली आहे ती कोण काढणार? तो भरवसा, की ते नियंत्रण?" उत्तर कोणालाच आले नाही. नाल्याची वाट गाळाने आणि जलपर्णीने भरू देऊन पाणी शेतात आले की त्याला निसर्गाचा कोप म्हणणे, हे पूर्वेचे तत्त्वज्ञान नाही आणि पश्चिमेचेही नाही.

तेवढ्यात पुन्हा भुरभुर सुरू झाली. मामांचे वरच्या अंगाचे एक वावर अजून वाचलेले आहे. तिथल्या बांधाला ते खोऱ्याने तोंड पाडून ठेवतात, जास्तीचे पाणी तिथून खाली उतरते. ते उठले, सायकलला बांधलेले खोरे चाचपले आणि निघाले, तेव्हा साहेबांनी त्यांना थांबवून विचारले की त्या तोंडाची उंची किती ठेवता.

"आता चार बोटं," मामा म्हणाले. "भात पोटरीला आलं, कणीस धरायला लागलं, की जरा वर घेतो. पाऊस जास्त झाला तर रात्री जाऊन परत खाली घेतो."

"म्हणजे रोज बघावे लागते?"

"तर काय, साहेब. भात माझं आहे न्हवं?"

साहेब छत्री उघडून त्यांच्याबरोबर चालू लागले. मास्तर आणि प्राध्यापक अजून सहाव्या अध्यायावरच होते.