शेवटी काय गायलं?

आत्ताच सिव्हिल लाइन्समधून घरी आलेय. स्वयंपाक व्हायचाय, पण आधी हे लिहिते, नाहीतर रात्रभर डोक्यात राहील.

एक प्रदर्शन बघायला गेले होते. पाचपावलीतल्या कोष्टी घरातली मुलगी, नागपूरच्याच चित्रकला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली. आजोबांचा हातमाग घरात वर्षानुवर्षं धूळ खात होता. तो मोडीत निघाला तेव्हा हिने त्यावरचा ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, सोडवून जपून ठेवला. त्या धाग्यांनी तिने अख्खी खोली बांधलीय. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छातीच्या उंचीवर, शेकडो पांढरे धागे, एका कडेला लाल काठाचे. मधोमध आजोबांचा धोटा, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, टांगलाय. पंख्याच्या वाऱ्याने तो जरासा हलतो. कोपऱ्यातल्या लहानशा स्पीकरमधून मागाचा आवाज येतो, खट्‌-खटाक्, खट्‌-खटाक्. माग बंद पडायच्या आधी तिच्या वडिलांनी मोबाइलवर सहज टिपून ठेवलेला.

म्हणजे यायला हवा. मी पोचले तेव्हा तो बंद होता. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "कोणी येऊनच नाही राहिलं मॅडम, म्हणून बंद करून टाकला." त्याच्यावर माझा राग नाही. रिकाम्या खोलीत दिवसभर तो आवाज ऐकत तो एकटा बसणार. त्याने लगेच चालूही करून दिला.

मग एक कुटुंब आलं. बाबा, आई, दोन मुलं. बाबांनी दारातूनच बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "धागे बांधले अन् झाली कला?" मोबाइलवर दोन फोटो काढले. धाकटा, सात-आठ वर्षांचा असेल, स्पीकरजवळ जाऊन उभा राहिला आणि त्या खटखटीवर मान हलवू लागला. मग खाली वाकून धाग्यांच्या पातळीला डोळे नेऊन बघत बसला. आईने मनगट धरलं. "चाल नं, काही नाही इथे."

ती मुलगी तिथेच उभी होती. चार हातांवर. तिने ऐकलं. खाली मान घालून एक धागा नीट करत राहिली.

अभिप्रायाची वही उघडली. चार दिवसांत अकरा नावं.

काही नाही इथे. हे वाक्य मी या शहराबद्दल जन्मभर ऐकत आलेय. काही असेल तर मुंबईला, पुण्याला. इथे काय, ऊन आणि संत्री.

माझे बाबा रेल्वेत होते, अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी आठ वर्षांची असताना डिसेंबरात त्यांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून धरमपेठेतल्या एका शाळेच्या पटांगणात गाणं ऐकायला नेलं. मंडप, खाली सतरंजी, कडाक्याची थंडी. विलंबित ख्याल, ते संथ लयीतलं गाणं, मला काय कळणार! मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. मध्यरात्री कधीतरी त्यांनी शाल बाजूला करून कानाशी म्हटलं, "ऊठ बाळा, भैरवी सुरू झाली." मैफल भैरवीने संपते; बस, तेवढ्यासाठी उठवलं. डोळे चोळत मी ऐकलं. काय ऐकलं ते सांगता येणार नाही, पण त्या रात्री आजूबाजूचं एकही माणूस हललं नव्हतं, ते मला स्पष्ट आठवतं.

आणि परवा शनिवारी! चांगलं सभागृह, एसी, गुबगुबीत खुर्च्या, प्रवेश मोफत. गाणाऱ्या बाईंनी बागेश्री राग काय मांडला होता! चाळीस मिनिटं नुसता विलंबित, एकेका स्वरावर मुक्काम. मग भैरवीसाठी त्यांनी तानपुरा जुळवायला घेतला आणि धप्, धप्, धप्. खुर्च्या मिटायला लागल्या. पार्किंगमधून गाडी आधी निघावी म्हणून. अर्धं सभागृह गायिकेकडे पाठ करून बाहेर. त्या डोळे मिटून, खुंटीवर हात ठेवून थांबल्या होत्या. गलका संपेपर्यंत थांबल्या. मग चाळीसेक माणसांसमोर भैरवी गायल्या. मला सांगा, ज्या माणसाने दोन तास आपल्यासाठी जीव ओतला, त्याला पाच-सात मिनिटं देता येत नाहीत? तर्री पोह्यासाठी गाडीवर वीस मिनिटं उभे राहतोच की आपण.

हो, मान्य आहे, रात्री अकराला ऑटो मिळत नाही, शेवटची मेट्रो कधीच निघून गेलेली असते आणि बाईमाणसाला एकटीने परतायचं म्हणजे जिवाला घोर. पण परवा उठले ते बहुतेक सगळे चारचाकीवाले होते.

ज्या शहरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे वसंतराव देशपांडे गाणं शिकले, त्या शहरात हे चाललंय. वसंतरावांच्या नावाचं सभागृह आपण रोज ओलांडतो.

चित्रांचंही तेच. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. २०२१ मध्ये त्यांचं एक चित्र ३९ कोटींच्या वर गेलं तेव्हा व्हॉट्सअॅपवर आकडा फिरला, चित्र कोणी बघितलं नाही. हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचा, बाकी वेळ विचार करत बसायचा. आपण त्याच्या चित्रासमोर पाच मिनिटं तरी उभं राहू शकतो का?

आणि चित्रकार सय्यद हैदर रझा. १९३९ ते १९४३ इथल्या चित्रशाळेत शिकले, मग मुंबई, मग पॅरिस. लहानपणी मंडल्याकडच्या खेड्यातल्या शाळेत त्यांचं लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं. पुढे तोच बिंदू ते शेवटपर्यंत रंगवत राहिले. आज त्या पोराला बघून मला हेच आठवलं. पोरगं आपणहून बघत होतं हो! कोणी ठिपका काढून द्यायचीही गरज नव्हती. आणि आपण त्याला हात धरून बाहेर काढलं.

माझ्या मित्रयादीतले कितीतरी जण विदर्भ एक्स्प्रेसने ८३७ किलोमीटर जाऊन मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाचे फोटो टाकतात, पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात पाचही दिवस बसतात. जा, जरूर जा, मीही जाते. मुंबईच्या जहांगीर कलादालनात तिकीट नसतं, कोणीही आत शिरावं, कितीही वेळ उभं राहावं, हे मला फार आवडतं. पण तिथे थांबता तसं इथे का नाही थांबत? इथेही तिकीट नव्हतं आज. अकरा नावं, अकरा!

मी अशीच लिहीत राहिले तर सगळ्यांवर ओरडतच राहीन. त्या आईवरही मी जास्त रागावलेय बहुतेक. दिवसभराची दमलेली असेल, पोरांची शाळा असेल उद्या. तिला कधी कोणी भैरवीसाठी उठवलं नसेल.

बाबा आता एक्क्याऐंशीचे आहेत. गुडघे गेलेत, कार्यक्रमांना येणं होत नाही. मी गाण्याहून परतले की जागेच असतात आणि एकच विचारतात, "शेवटी काय गायलं?" दोन वर्षांपूर्वी मीही मेट्रोसाठी आधी उठून आले होते. त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि कूस वळवली. त्या दिवसापासून मी उठत नाही. घरी कळवून ठेवते, कोणीतरी न्यायला येतं.

परवा सांगितलं त्यांना, भैरवी. त्यांनी मुखडा विचारला, मी गुणगुणून दाखवला. मग बराच वेळ त्यांची बोटं पांघरुणावर ताल धरून होती.

प्रदर्शन गुरुवारपर्यंत आहे. उद्या बाबांना घेऊन जातेय. मागाचा आवाज त्यांना आवडेल, त्यांचे शाळेतले दोन मित्र कोष्टीपुऱ्यातले होते. दाराशी तीन पायऱ्या आहेत, दोन्हीकडून धरलं तर चढतील. साडेपाचला कोणी येणार असेल तर खाली लिहा, एक हात हवाय. आणि माझ्याआधी पोचलात तर त्या माणसाला आवाज चालू करायला सांगा.