‘एमएसमध्ये स्टेरॉइड घेऊच नका’ या मेसेजला उत्तर

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार असलेल्यांच्या फोनवर एक मेसेज फिरून फिरून येतो. त्याचे म्हणणे असे: स्टेरॉइडने रोग आत दबतो, एकदा घेतले की ते सुटत नाही, झटका (म्हणजे लक्षणे अचानक उफाळणे) तसाही ओसरतोच, आणि घ्यायचेच तर कमी ताकदीच्या गोळ्या घ्याव्यात. मला नऊ वर्षांपासून एमएस आहे आणि तीनदा मी हे उपचार घेतले आहेत. नव्याने निदान झालेली, घाबरलेली माणसे तो मेसेज खरा मानतात, म्हणून लिहिते आहे.

‘रोग आत दबतो.’ झटक्यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू किंवा डोळ्याच्या नसेवरच्या मायलिन या आवरणावर उलटते. तिथे सूज येते, संदेश अडतात. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ती सूज उतरवते. दबून आत राहील असे त्यात काही नाही.

‘एकदा घेतले की सुटत नाही.’ झटक्यासाठी साधारण रोज 1 ग्रॅम, 3 ते 5 दिवस देतात आणि थांबवतात. हाडे ठिसूळ होणे, औषध एकदम बंद करता न येणे हे प्रामुख्याने महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणाऱ्यांचे दुखणे. पाच दिवसही सोपे नसतात, हे मान्य. तोंडाला धातूची चव येते, झोप उडते, चिडचिड होते, रक्तातली साखर चढते. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवे. क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणूनच पुन्हा पुन्हा झटके येत असतील, तर दर वेळी स्टेरॉइडवर भागवू नये. झटके कमी करणारी दीर्घकाळाची औषधे वेगळी असतात, ती सुरू करण्याविषयी किंवा बदलण्याविषयी बोलायला हवे.

‘झटका तसाही ओसरतोच.’ यात तथ्य आहे. डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या 457 रुग्णांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1992 मध्ये आले. शिरेतून स्टेरॉइड दिलेल्यांची नजर लवकर परतली. वर्षभराने पाहिले तर औषध न दिलेल्यांची नजरही जवळपास तितकीच सुधारली होती. म्हणजे स्टेरॉइड झटक्याचा मुक्काम कमी करते, मागे किती व्यंग उरणार हे ठरवत नाही. नुसत्या बधिरपणासाठी ‘थांबून पाहू’ म्हणणारे न्यूरोलॉजिस्ट म्हणूनच चुकत नाहीत. पण माझा उजवा डोळा धुरकटला आणि डोळा हलवला की कळ यायची, तेव्हा अक्षरे काही आठवडे आधी दिसणे ही माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती. चालता येत नसेल, त्याला तर विचारायलाच नको.

‘कमी ताकदीच्या गोळ्या घ्या.’ हा सल्ला सगळ्यांत घातक. त्याच चाचणीत शरीराच्या वजनाच्या दर किलोला 1 मिलिग्रॅम या हिशोबाने नुसत्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांना डोळ्याचा त्रास पुन्हा होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. गोळी म्हणून ती वाईट असते असे नाही. फ्रान्समधल्या चाचणीत 2015 मध्ये दिसले की मिथाइलप्रेडनिसोलोन रोज 1000 मिलिग्रॅम तोंडावाटे 3 दिवस दिले तरी गुण शिरेतून दिल्याइतकाच येतो. अडचण अपुऱ्या मात्रेची आहे.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र हवी होती. ताप, लघवीचा संसर्ग किंवा नुसता उन्हाळा यांनीही जुनी लक्षणे डोके वर काढतात. तो खरा झटका नव्हे. नवे लक्षण 24 तासांहून जास्त टिकले, की आधी लघवीची तपासणी करून घ्यावी. संसर्ग असताना स्टेरॉइड दिले तर तो बळावू शकतो.