ड्रेडनॉट नुसती नांगर टाकून बसली नव्हती

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ब्रिटनची ‘एचएमएस ड्रेडनॉट’ ही युद्धनौका एक वर्ष आणि एका दिवसात बांधली, तिने जगभर धाक बसवला, पण पहिल्या महायुद्धात शत्रूचं साधं होडकंही बुडवलं नाही. जटलंडच्या लढाईत, म्हणजे ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांच्या उत्तर समुद्रातल्या मोठ्या लढाईत, तिला बंदरात लपवून ठेवलं आणि शेवटी हा पांढरा हत्ती भंगारात गेला. मला तो तिघांनी पाठवला. या जहाजाबद्दल मी बरीच वर्षं वाचत आलोय, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

सगळ्यात चुकीची गोष्ट आधी घेतो, ‘काहीच बुडवलं नाही’ ही. 18 मार्च 1915. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पेंटलंड फर्थ नावाची सामुद्रधुनी आहे, तिथे ब्रिटिश ताफा चालला होता. ‘यू 29’ या जर्मन पाणबुडीने ‘नेपच्यून’ या युद्धनौकेवर पाणतीर (टॉर्पेडो) सोडला. तो चुकला, पण पाणबुडी नेमकी ड्रेडनॉटच्या पुढ्यात पाण्यावर आली. ड्रेडनॉटवर 12 इंची 10 तोफा होत्या, पण त्या मैलोन्‌मैल दूरच्या जहाजांसाठी. इतक्या जवळच्या पेरिस्कोपपुढे त्यांचा काय उपयोग? मग जहाजच अंगावर घातलं. शेजारची ‘टेमेरेर’ ही ब्रिटिश युद्धनौकाही त्याच पाणबुडीवर धावून येत होती आणि दोन्ही जहाजं एकमेकांवर आदळता आदळता वाचली. थोड्याच पाठलागानंतर ड्रेडनॉटच्या नाळेने, म्हणजे पुढच्या टोकाने, पाणबुडी कापली. बुडताना तिचं पुढचं टोक पाण्याबाहेर आलं, आणि त्यावरचा 29 हा आकडा ब्रिटिश खलाशांनी डोळ्यांनी वाचला. आतला एकही माणूस वाचला नाही.

त्या पाणबुडीचा कप्तान होता ऑटो वेडिगन. सप्टेंबर 1914 मध्ये ‘यू 9’वर असताना त्याने ‘अबूकिर’, ‘हॉग’ आणि ‘क्रेसी’ या तीन ब्रिटिश क्रूझर एकाच सकाळी बुडवल्या होत्या. त्यात 1,450 हून जास्त माणसं गेली. पुढच्याच महिन्यात त्याने ‘हॉक’ बुडवली. जर्मनीत तो घराघरात माहीत असलेला वीर होता. त्याला संपवणारं जहाज म्हणजे हीच ‘काहीही न केलेली’ ड्रेडनॉट! धडक देऊन मुद्दाम पाणबुडी बुडवणारी दुसरी युद्धनौका इतिहासाला माहीत नाही. शत्रूच्या जहाजावर तिच्या मोठ्या तोफा कधी डागल्या गेल्या नाहीत हे मात्र खरं आहे. मजकुरात तेवढंच लिहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

आता जटलंड. ही लढाई झाली 31 मे 1916 ला. ड्रेडनॉट 18 एप्रिलपासून 22 जूनपर्यंत पोर्ट्समथच्या गोदीत डागडुजीला होती, म्हणजे लढाईच्या सहा आठवडे आधीपासून. युद्धात वर्षानुवर्षं समुद्रावर राहणाऱ्या ताफ्यातली जहाजं आळीपाळीने गोदीत घ्यावीच लागतात. 15 इंची तोफांची, तेव्हाची सर्वांत ताकदवान म्हणावी अशी ‘क्वीन एलिझाबेथ’सुद्धा त्या दिवशी गोदीतच होती. तिला कुणी लपवलं म्हणत नाही. आणि ड्रेडनॉट जुनी झाली म्हणून मागे ठेवली म्हणावं, तर तिच्याच नमुन्यावर बांधलेल्या ‘बेलेरोफॉन’, ‘सुपर्ब’ आणि ‘टेमेरेर’ जटलंडला लढल्याच ना? गोदीतून निघाल्यावर जुलैपासून ती शियरनेसला, टेम्स नदीच्या मुखाशी, तिसऱ्या तुकडीची ध्वजनौका, म्हणजे सेनापतीचं जहाज, म्हणून राहिली. किनारी गावांवर जर्मन जहाजांनी तोफा डागल्या होत्या, म्हणून ही तुकडी तिथे आणली होती.

एक वर्ष एक दिवस हा आकडा अर्धाच खरा. जहाजाचा कणा, म्हणजे तळाचा मुख्य आधार, 2 ऑक्टोबर 1905 ला ठेवला आणि 3 ऑक्टोबर 1906 ला ती चाचणीसाठी समुद्रात गेली, हे बरोबर. पण पोलादी पत्रे त्याआधी काही महिन्यांपासून कापून तयार होत होते आणि तोफांचे बुरूज तर ‘लॉर्ड नेल्सन’ व ‘अ‍ॅगमेम्नॉन’ या दुसऱ्या युद्धनौकांसाठी मागवलेले इकडे वळवले. पूर्ण सज्ज होऊन ती दाखल झाली डिसेंबर 1906 मध्ये. तयारी आधी, मग कणा, हीच पोर्ट्समथच्या कारागिरांची खरी करामत, आणि मजकुरात नेमकी तीच गाळली आहे. (तिचं जलावतरण 10 फेब्रुवारी 1906 ला राजा सातवा एडवर्ड याने केलं. मुंबईच्या काळ्या घोड्यावर बसलेला तोच हा एडवर्ड. पुतळा आता राणीच्या बागेत आहे.)

राहिला पांढरा हत्ती. एवढ्या मोठ्या युद्धनौकेत स्टीम टर्बाइन चालेल का, हा तेव्हा मोठा प्रश्न होता, कारण तोवर सगळ्या युद्धनौका दट्ट्याच्या (पिस्टनच्या) इंजिनावर चालत. 1907 च्या सुरुवातीला कॅप्टन रेजिनाल्ड बेकनने ती भूमध्य समुद्रातून थेट वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादपर्यंत नेऊन आणली आणि तो प्रश्न निकालात काढला. त्यानंतर 1911 पर्यंत ती होम फ्लीटची, म्हणजे ब्रिटनच्या घरच्या समुद्रातल्या ताफ्याची, ध्वजनौका होती. तिच्यात दोष होतेच. पाहणीचा डोलखांब पुढच्या धुरांड्याच्या मागे उभारला होता, त्यामुळे वर बसणारा माणूस धुराने आणि उष्णतेने हैराण व्हायचा. पण जर्मनीपासून जपानपर्यंत सगळ्यांनी मग अशीच जहाजं बांधायला घेतली, आणि या जातीच्या प्रत्येक नौकेला ‘ड्रेडनॉट’ हेच नाव पडलं.

भंगारात गेली हे खरं, पण ती एकटीच नाही. 1921 मध्ये ती विकली आणि 1923 मध्ये स्कॉटलंडमधल्या इन्व्हरकीदिंगला तोडायला घेतली. जटलंडला लढलेल्या बेलेरोफॉन आणि टेमेरेरही त्याच वर्षी, 1921 मध्येच, भंगारात विकल्या गेल्या.