बाटिकचा फॉरवर्ड आणि सांगलीची हळद

आमच्या सांगलीतल्या ग्रुपांवर बाटिकबद्दल, म्हणजे कापडावर मेणाने नक्षी काढून मेणाखालचा भाग सोडून बाकी रंगवायच्या कलेबद्दल, एक फॉरवर्ड फिरतोय: 'बाटिक मूळची आपल्या महाराष्ट्राची कला. इंडोनेशियाने चोरली आणि २००९ साली युनेस्कोकडून नावावर करून घेतली. रंग शंभर टक्के नैसर्गिक. कापडावर तडे दिसले की माल अस्सल.' मावशीपासून भाचीपर्यंत सगळ्यांनी मलाच पाठवला, कारण गच्चीवर मेणाचं पातेलं माझ्याच घरी आहे.

आधी चोरीचं. युनेस्को सातबारा देत नाही. इंडोनेशियाच्या बाटिकची वारशाच्या यादीत नोंद झाली, इतकंच. शब्द जावाचा, मेण ओतायची तांब्याची तोटी 'चांटिंग' तीही तिकडचीच. शांतिनिकेतनात बाटिक रुजलं १९२०च्या दशकात. रवींद्रनाथ स्वतः १९२७ साली जावा बघून आले. आपल्याकडच्या बाटिकच्या गावांची बाकी नावं घ्यायची तर कच्छचं मुंद्रा, उज्जैनचं भैरवगड. हां, गुजरातचा पटोळा जहाजाने तिकडे जायचा आणि जावाच्या कारागिरांनी त्याची नक्षी बाटिकमध्ये उचलली, हे खरं. पण त्यातही महाराष्ट्र कुठे आला?

नैसर्गिक रंगाचं मी करून पाहिलं. आपल्या सांगलीच्या जीआयवाल्या (भौगोलिक मानांकन मिळालेल्या) हळदीत मलमलीचा तुकडा बुडवला. पिवळाधमक निघाला. मग उन्हात वाळत टाकला, तर चार दिवसांत विटला, आणि साबणाचा हात लागला तिथे तांबडे डाग. हळदीकुंकवाची साडी ज्यांनी धुतलीय त्यांना हे सांगायला नको. दुसरी अडचण मेणाची. झाडपाल्याचे बरेच रंग गरम पाण्यात चढवावे लागतात, आणि गरम पाण्यात मेण सुटलं की नक्षी गेली. निळीची कुंडी थंड चालते, म्हणून जावाचं जुनं काम निळीवर उभं राहिलं. बाजारातलं आजचं बहुतेक बाटिक रासायनिक थंड रंगांतलं असतं. त्यात कमीपणा नाही, फक्त 'नैसर्गिक' म्हणू नका. आणि मेणात मिसळतात ते पॅराफिन तर सरळ पेट्रोलियमचंच.

तडे? मेण तडकलं की भेगेतून रंग आत शिरतो, त्या रेघा म्हणजे तडे. पॅराफिन ठिसूळ, मधमाशीचं मेण लवचिक. पॅराफिन वाढवा, कापड चुरगाळा, हवे तेवढे तडे घ्या. जावाच्या बारीक कामात तडा हा दोष धरतात. एका प्रदर्शनात मी हौसेने 'हातचं बाटिक' म्हणून ओढणी घेतली. घरी उलगडली तर दर वीतभर अंतरावर तोच तडा, त्याच वळणाचा, आणि उलटी बाजू पांढरट. छापील! मेणाचं काम रंगात बुडवलेलं असतं, दोन्हीकडे सारखं दिसतं.

फॉरवर्डच्या शेवटी 'पर्यावरणपूरक' असाही शब्द आहे. अर्धा मान्य. कापड उकळलं की मेण वर तरंगतं, गार झाल्यावर भाकरीएवढी चकती उचलून पुढच्या कामाला घेते. पण खाली उरलेलं रंगाचं पाणी माझ्याकडे अजून बादलीतच आहे. मोरीत ओतलं तर जाणार कुठे, कृष्णेतच ना?